चित्र आणि ध्वनी यांचा मेळ
चलच्चित्रांचे रूपांतर करताना होणारा बिघाड व त्याची दुरुस्ती

चलच्चित्रांच्या साहाय्याने पाठ देण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतही रुळली आहे. पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडच्या द्वारे अनेक पाठांची चलच्चित्रे शिक्षकांस उपलब्ध होतात. तथापि मावळ तालुक्याची रचना अशी आहे की, लोहमार्ग व हमरस्ता यांच्या कडेच्या गावी जे सहज मिळते ते डोंगराआड मिळेलच असे नाही. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील एखाद्या वाडीवर मोबाइलला रेंज नसेल, तर तेथील शिक्षकास वडगाव, कामशेत किंवा लोणावळे येथे फाइल उतरवून घ्यावी लागते. आणि शाळेतील जुन्या संगणकावर वा टीव्हीवर ती चालावी म्हणून तिचे रूपांतर करावे लागते. फाइल लहान करणे, तिचा प्रकार बदलणे, मोठ्या पाठाचे तुकडे करणे अथवा तुकडे जोडणे ही सारी कामे या रूपांतरात येतात.

या कामात एक बिघाड वारंवार आढळतो. चित्र स्वच्छ दिसते, आवाजही स्पष्ट येतो. परंतु दोहोंचा मेळ बसत नाही. पडद्यावरील बाई बोलून तोंड मिटतात आणि शब्द नंतर ऐकू येतो. किंवा हातोडी अजून वर असतानाच घाव वाजतो. मुले प्रथम हसतात, मग चुळबुळ करू लागतात आणि पाठ बाजूस राहतो. हा बिघाड का होतो, तो कसा ओळखावा व कसा दुरुस्त करावा, हे समजून घेतल्यास साध्या संगणकावरही तो बहुधा दूर करता येतो.

हा बिघाड क्षुल्लक का नव्हे

चित्र आणि आवाज यांत थोडे अंतर पडले तर बिघडले काय, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु लहान मूल शब्द केवळ कानाने शिकत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांची ठेवण, जिभेची हालचाल, चेहऱ्यावरील भाव या साऱ्यांच्या आधाराने ते ऐकते. हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ओठ 'ग' म्हणतानाचे दाखविले व आवाज 'ब' चा ऐकविला. पुष्कळ लोकांस 'ग' ही नव्हे व 'ब' ही नव्हे, तर 'द' सारखा तिसराच ध्वनी ऐकू आला. डोळ्यांनी पाहिलेले कानांनी ऐकलेल्यात मिसळते, हे यावरून सिद्ध झाले.

मावळातील शाळांत ठाकर व कातकरी मुलेही असतात. त्यांची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी असते. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतील भेद शिकताना, किंवा इंग्रजी शब्दाचा उच्चार प्रथमच ऐकताना, अशा मुलास ओठांचा व जिभेचा आधार मोलाचा असतो. ज्या मुलास कमी ऐकू येते त्याची तर सारी भिस्तच ओठांवर असते. अशा मुलापुढे ओठ एका शब्दाचे आणि आवाज दुसऱ्या शब्दाचा असा पाठ लावणे म्हणजे त्याचा आधारच काढून घेणे होय. आपल्याला काही समजत नाही, हा दोष आपलाच, अशी समजूत करून घेऊन ते मूल गप्प बसते, आणि बिघाड यंत्रात आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

निसर्गातील क्रम

डोंगरी मुलखातील मुलास एक अनुभव नित्याचा आहे. समोरच्या टेपावर कोणी लाकूड तोडीत असेल तर कुऱ्हाड खाली आलेली आधी दिसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. पावसाळ्यात लोहगड व विसापूर यांच्या माथ्यावर वीज चमकते आणि गडगडाट काही क्षणांनी खोऱ्यात उतरतो. प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतो, तर ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून निसर्गात ध्वनी चित्राच्या मागाहूनच येतो. आधी कधीही येत नाही.

मनुष्याच्या मनास या क्रमाची सवय झालेली आहे. आवाज किंचित मागे राहिला तर ते चालवून घेते; परंतु आवाज चित्राच्या पुढे गेला की त्यास तत्काळ खटकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत यासंबंधीचे आकडे दिले आहेत. ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, अथवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला, की प्रेक्षकाच्या ते लक्षात येऊ लागते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. यावरून दुरुस्ती किती काटेकोर असावी याची कल्पना येईल. तसेच अगदी अचूक मेळ साधत नसेल, तर ध्वनी पुढे ठेवण्यापेक्षा तो किंचित मागे ठेवावा, हा नियमही त्यातून निघतो.

मूकपटापासून बोलपटापर्यंत

चित्र व ध्वनी यांचा मेळ घालण्याचा प्रश्न संगणकाच्या बराच पूर्वीचा आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटव्यवसायात पडण्यापूर्वी काही काळ लोणावळे येथे ठसे कोरण्याचा व छपाईचा व्यवसाय केला होता. पुढे १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस प्रदर्शित झाला. तो मूकपट होता. त्या काळी चित्रणाचे यंत्र हाताने फिरवीत. सेकंदास किती चौकटी टिपल्या जातील हे फिरविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे; १६ टिपल्या काय किंवा २० टिपल्या काय, डोळ्यास फारसे बिघडल्यासारखे वाटत नसे. जुन्या वार्तापटांतील माणसे तुरुतुरु चालताना दिसतात याचे कारण हेच. कमी वेगाने टिपलेले चित्र अधिक वेगाने दाखविले जाते.

१९३१ साली 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला व १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. फाळके यांचा 'सेतुबंधन' हा पट मूकपट म्हणून तयार झाला होता. त्यावरही मागाहून ध्वनी चढविण्यात आला. ध्वनी आल्याबरोबर वेगाची ढिलाई संपुष्टात आली. वेग थोडा वाढला तरी डोळा तो सोसतो. कान सोसत नाही, कारण वेगाबरोबर स्वरही चढतो. म्हणून बोलपटांसाठी सेकंदास २४ चौकटी हा वेग जगभर निश्चित झाला. या व्यवहारात खरे घड्याळ कानाचे आहे, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बोलपटाच्या चित्रणाच्या आरंभी दोन फळ्या एकमेकींवर आपटण्याची पद्धत पडली, तीही याच कारणाने. फळ्या मिटल्याचे चित्र व त्यांचा आवाज ही दोन्ही एका ठिकाणी आणून ठेवली की पुढचे सारे आपोआप जुळते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर तर एखाद्या चौकटीचा आवाज त्या चौकटीशेजारी छापलेला नसून सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असे. कारण चित्राची चौकट दिव्यापुढे क्षणभर थांबावी लागते, आणि ध्वनीची पट्टी मात्र न थांबता सरकत राहावी लागते. म्हणून प्रोजेक्टरमध्ये या दोहोंच्या जागा वेगळ्या ठेवाव्या लागत. जत्रेतील तंबूत खेळ लावताना फिल्मचा मधला वळसा कमीजास्त झाला की पात्रांचे ओठ व शब्द यांची फारकत होई. आजच्या फाइलीत होणारा बिघाड हा त्याच जुन्या बिघाडाचा नवा अवतार आहे.

फाइलीच्या पोटात काय असते

चलच्चित्राची फाइल ही एक पेटी आहे असे समजावे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही या पेट्यांच्या प्रकारांची नावे होत. पेटीत चित्रांचा एक प्रवाह व ध्वनीचा दुसरा प्रवाह असे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. चित्रांचा प्रवाह म्हणजे क्रमाने ठेवलेल्या चौकटी. त्या सेकंदास २४, २५ किंवा ३० अशा वेगाने दाखवावयाच्या असतात. ध्वनीचा प्रवाह म्हणजे आवाजाचे नमुने. ते सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० असे घेतलेले असतात. कोणती चौकट व कोणता ध्वनी केव्हा सादर करावयाचा, याच्या वेळेच्या खुणा पेटीत नोंदलेल्या असतात. रूपांतर करणारा कार्यक्रम पेटी उघडतो, दोन्ही प्रवाह बाहेर काढतो, ते नव्याने बांधतो व नव्या पेटीत भरतो. या उलाढालीत वेळेच्या खुणा हरवल्या, किंवा चुकीच्या वाचल्या गेल्या, की मेळ मोडतो.

बिघाडाचे तीन प्रकार

गावातील भजनी मंडळाचे उदाहरण घेतले असता हे प्रकार चटकन समजतील. एखादा टाळकरी पहिल्या टाळीस चुकतो व एक मात्रा मागाहून सुरू करतो. परंतु त्याची लय बरोबर असते. तो अभंग संपेपर्यंत तेवढाच मागे राहतो. दुसरा टाळकरी वेळेवर सुरू करतो, पण त्याची लय किंचित जलद असते. त्याचे चुकणे प्रथम कळत नाही. अभंग संपता संपता मात्र तो फार पुढे गेलेला असतो. तिसरा टाळकरी अर्ध्यापर्यंत बिनचूक वाजवितो, मध्येच त्याच्या हातून एक टाळी सुटते आणि तेथून पुढे तो चुकत राहतो.

फाइलीतील बिघाडही असाच तीन प्रकारचा असतो. अंतर आरंभापासून शेवटपर्यंत सारखे असणे हा पहिला, अंतर हळूहळू वाढत जाणे हा दुसरा आणि एखाद्या ठिकाणी अंतर एकाएकी पडणे हा तिसरा. प्रत्येकाचे कारण निराळे व उपायही निराळा. पहिल्याचा उपाय दुसऱ्यास लावला तर आरंभ जुळतो, शेवट तुटतो, आणि फाइल पुनःपुन्हा बदलण्यात वेळ व्यर्थ जातो. यास्तव कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी परीक्षा करावी.

परीक्षा सोपी आहे. पाठाचा आरंभ, मध्य व शेवट अशा तीन ठिकाणी एकेक प्रसंग निवडावा. टाळी वाजणे, दार आपटणे, खडू फळ्यावर टेकणे, 'प', 'ब', 'म' यांसारखा ओठ मिटून उच्चारावयाचा शब्द, असे प्रसंग यास उपयुक्त होत. चित्र व आवाज यांतील अंतर प्रत्येक ठिकाणी किती आहे ते कागदावर टिपावे. तिन्ही आकडे सारखे आले तर पहिला प्रकार. चढते आले तर दुसरा. काही ठिकाणी शून्य व पुढे एकदम मोठे आले तर तिसरा.

दोष फाइलीचा की यंत्राचा

परीक्षेपूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. बिनतारी स्पीकरला आवाज पोहोचण्यास थोडा वेळ लागतो, त्यामुळे चांगल्या फाइलीतही ध्वनी मागे राहतो. तो स्पीकर तारेने जोडला की दोष नाहीसा होतो. जुना संगणक मोठ्या आकाराचे चित्र झेपत नसल्याने अडखळतो व चित्र मागे पडते. अशा वेळी पाठ थांबवून पुन्हा सुरू केला असता काही क्षण मेळ बसतो व पुन्हा मोडतो. हे दोष यंत्राचे होत. त्यांसाठी फाइल बदलणे म्हणजे पाय दुखत असता हातास लेप लावणे होय. जुन्या संगणकासाठी मात्र लहान आकाराच्या चित्रात रूपांतर केल्यास उपयोग होतो.

सारखे राहणारे अंतर

हा प्रकार सर्वांत सोपा. रूपांतर करताना आरंभीचा थोडा भाग एका प्रवाहातून कापला जाणे, किंवा ध्वनी उशिरा सुरू होत असल्याची खूण नव्या पेटीत न उतरणे, ही याची नेहमीची कारणे होत.

पाठ लगेच दाखवावयाचा असेल तर व्हीएलसी या विनामूल्य कार्यक्रमात तात्पुरता उपाय करता येतो. विंडोज किंवा लिनक्स संगणकावर पाठ चालू असता इंग्रजी 'के' हे अक्षर दाबले की ध्वनी ५० मिलिसेकंदांनी मागे सरतो व 'जे' हे अक्षर दाबले की तितकाच पुढे येतो. ओठ व शब्द जुळेपर्यंत दाबत जावे व पडद्यावर दिसणारा आकडा टिपून ठेवावा. या उपायाने फाइल बदलत नाही.

कायमची दुरुस्ती करावयाची तर चित्रसंपादनाच्या कोणत्याही कार्यक्रमात ध्वनी चित्रापासून वेगळा काढावा, टिपलेल्या आकड्याइतका सरकवावा व पुन्हा फाइल तयार करावी. एफएफएमपेग या कार्यक्रमाची ज्यांना ओळख आहे त्यांना याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. एकच फाइल दोन वेळा वाचावयास सांगून एका वाचनातून चित्र व दुसऱ्यातून ध्वनी घ्यावा, ध्वनीच्या वाचनास हवे तेवढे अंतर द्यावे आणि दोन्ही प्रवाह जसेच्या तसे नव्या पेटीत भरावे. प्रवाह नव्याने बांधावे लागत नसल्याने काम थोड्या वेळात होते व चित्राचा दर्जाही घटत नाही.

वाढत जाणारे अंतर

शिक्षकांस सर्वाधिक त्रास देणारा प्रकार हा होय. यात दोन प्रवाहांची लयच वेगळी झालेली असते. त्याची तीन कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण चौकटींच्या वेगातील फरक. चित्रपटाचा वेग सेकंदास २४ चौकटी व भारतातील दूरदर्शनच्या प्रसारणाचा वेग २५ चौकटी. २४ च्या वेगाने टिपलेले चित्र २५ च्या वेगाने चालविले व ध्वनी होता तसाच ठेवला, तर १० मिनिटांचे चित्र ९ मिनिटे ३६ सेकंदांतच संपते. म्हणजे मिनिटास २.४ सेकंद इतके अंतर पडत जाते. दर हजारी एक इतका बारीक फरकही काही फाइलींत असतो. त्याने १० मिनिटांत ०.६ सेकंद व तासात ३.६ सेकंद अंतर पडते. लहान पाठात तो कळत नाही, पण मोठ्या चित्रपटात शेवटी शेवटी असह्य होतो.

दुसरे कारण मोबाइलवर केलेल्या चित्रणाचे. मोबाइलचा चौकटींचा वेग नेहमी स्थिर नसतो. उजेड कमी झाला की प्रत्येक चौकटीस अधिक प्रकाश मिळावा म्हणून तो वेग आपोआप कमी करतो. पावसाळ्यात मावळातील वर्गखोल्या दिवसाही अंधाऱ्या असतात. तेथील चित्रणात हे हटकून घडते. समजा, एका शिक्षकाने १० मिनिटांचा पाठ चित्रित केला व त्यात सेकंदास सरासरी २९ चौकटी आल्या. एकंदर चौकटी १७,४०० झाल्या. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने वेग ३० आहे असे धरले, तर त्या ५८० सेकंदांत संपतात. ध्वनी मात्र ६०० सेकंदांचाच राहतो. परिणामी पाचव्या मिनिटास चित्र सुमारे १० सेकंद पुढे गेलेले असते व शेवटी २० सेकंद.

तिसरे कारण ध्वनीच्या नमुन्यांचे. सेकंदास ४४,१०० या दराने घेतलेले नमुने ४८,००० या दराने वाचले गेले, तर १० मिनिटांचा ध्वनी सुमारे ९ मिनिटे ११ सेकंदांत संपतो. हे कारण ओळखणे सोपे आहे. कारण त्याबरोबर आवाजाची पट्टीही चढते व बाईंचा आवाज लहान मुलीसारखा येऊ लागतो.

या तिन्ही बाबतींत उत्तम उपाय एकच. बिघडलेल्या फाइलीवर डागडुजी करीत न बसता मूळ फाइलीकडे परत जावे व रूपांतर नीट करावे. मीडियाइन्फो या विनामूल्य कार्यक्रमात मूळ फाइल उघडली असता चौकटींचा वेग किती, तो स्थिर आहे की बदलता, ध्वनीचे नमुने किती, हे सर्व वाचावयास मिळते. ते आकडे टिपून घ्यावे. नंतर हँडब्रेकसारख्या कार्यक्रमात चित्राच्या विभागात वेग मूळ फाइलीप्रमाणे ठेवून तो 'स्थिर' करण्याचा पर्याय निवडावा. कार्यक्रम जेथे चौकटी कमी पडतील तेथे शेजारची चौकट पुन्हा वापरतो, जास्त असतील तेथे गाळतो, आणि चित्राची लय ध्वनीच्या लयीशी बांधतो. ध्वनीच्या नमुन्यांचा दरही मूळचाच ठेवावा. मोबाइलवरील चित्रणाचे संपादन करावयाचे असेल तर हे रूपांतर आधी करावे व कापणे, जोडणे मागाहून. हा क्रम उलटा केल्यानेच पुष्कळांचे पाठ बिघडतात.

मूळ फाइल हाती नसेल तर निरुपाय म्हणून ध्वनीची लय बदलावी. चित्रातील पहिली व शेवटची खूण यांमधील वेळ मोजावी, तसाच ध्वनीतील त्याच दोन खुणांमधील वेळ मोजावा. ध्वनीच्या वेळेस चित्राच्या वेळेने भागले की लय किती पट करावयाची ते कळते. वर दिलेल्या २४ व २५ चौकटींच्या उदाहरणात ६०० ला ५७६ ने भागले असता सुमारे १.०४१७ येतात, म्हणजे ध्वनी शेकडा ४.१७ ने जलद करावयास पाहिजे. ऑडॅसिटी या कार्यक्रमात आवाजाची पट्टी न बदलता केवळ लय बदलण्याची सोय आहे. ती येथे वापरावी. आवाजाची पट्टीही बिघडलेली असेल तर वेग व पट्टी दोन्ही एकदम बदलण्याची सोय वापरावी. लांबी मोजताना फाइलीच्या एकूण लांबीवर विसंबू नये. शेवटी नुसतीच शांतता असू शकते. दोन खुणांमधील अंतरच खरे.

एकाएकी पडणारे अंतर

फाइल उतरवून घेताना रेंज तुटली, मेमरी कार्ड खराब झाले, किंवा निरनिराळ्या वेगाचे तुकडे तसेच जोडले, म्हणजे हा प्रकार घडतो. हानी झालेल्या ठिकाणी काही चौकटी किंवा ध्वनीचा काही भाग नाहीसा होतो व तेथून पुढचे सारे सरकते. फाइल पुन्हा उतरवून घेता येत असेल तर तोच सरळ मार्ग. नसेल तर जेथे अंतर पडले ती जागा शोधून तेथे फाइलीचे दोन भाग करावे, दुसऱ्या भागावर सारख्या अंतराचा उपाय करावा व मग दोन्ही भाग जोडावे. जोडावयाच्या सर्व तुकड्यांचा चौकटींचा वेग व ध्वनीच्या नमुन्यांचा दर आधी एक करून घ्यावा.

चित्रण करतानाच घ्यावयाची काळजी

रोग होऊ न देणे हे औषधापेक्षा केव्हाही बरे. स्वतः पाठाचे चित्रण करणाऱ्या शिक्षकाने आरंभी एक व शेवटी एक अशा दोन स्पष्ट टाळ्या मोबाइलसमोर वाजवाव्या. पुढे काही बिघडलेच तर या दोन टाळ्यांवरून बिघाडाचा प्रकार व त्याचे माप दोन्ही कळतात. वर्गात पुरेसा उजेड ठेवावा. दाराजवळ वा खिडकीजवळ बसून चित्रण करावे. मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकास ३४ मीटर अंतरावर ठेवला तर ध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडतो, आणि रूपांतर कितीही निर्दोष केले तरी तो फरक राहतोच.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, मूळ फाइल कधीही पुसू नये. रूपांतरित फाइलीस निराळे नाव द्यावे व मूळ फाइल दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी. क्रमिक पाठ पुन्हा मिळू शकतो. परंतु काही चित्रणे पुन्हा होत नाहीत. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी खेड्यांतून आरंभ करून जात्यावरील ओव्यांचे मोठे संकलन उभे केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ज्या स्त्रियांच्या तोंडी त्या होत्या त्यांतील कित्येक आता हयात नाहीत. मावळातील एखाद्या शाळेने गावच्या वृद्ध आजींना जात्यावर बसवून त्यांची ओवी मोबाइलवर घेतली, तर त्या चित्रणात जात्याचा फेरा व ओवीची लय यांचा संबंध टिपला जातो. ओवी कोणत्या फेऱ्यास उचलली, खुंटा कोठे आला असता शब्दावर जोर पडला, हे सारे चित्र व ध्वनी यांच्या मेळावर अवलंबून आहे. रूपांतरात तो मेळ मोडला आणि मूळ फाइल जागा रिकामी करण्यासाठी पुसली गेली, तर जे गेले ते पुन्हा मिळवून देण्याचे सामर्थ्य कोणत्याही कार्यक्रमात नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

या विषयातून मुलांस विज्ञानाचा एक चांगला पाठ देता येईल. मोकळ्या मैदानावर वा सपाट रस्त्यावर १७० मीटर अंतर मोजावे. एका टोकास मोठा मुलगा थाळी व लाकडी दांडा घेऊन उभा राहील; दुसऱ्या टोकास वर्ग उभा राहील. मुलाने हात उंच करून थाळीवर घाव घालावा. घाव दिसल्यापासून आवाज येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो, हे मुलांस स्पष्ट जाणवेल. नंतर अंतर निम्मे करून फरक कसा कमी होतो ते पाहावे. पावसाळ्यात वर्गात सुरक्षित बसून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावयास सांगावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर या हिशेबाने वीज किती दूर चमकली ते मुले स्वतः काढू शकतील. ज्या मुलांनी हा प्रयोग केला आहे ती पडद्यावरील पाठात दोष दिसताच हसण्याऐवजी तो किती सेकंदांचा आहे हे सांगू लागतील.

सारांश

१. प्रथम दुसऱ्या यंत्रावर फाइल लावून दोष यंत्राचा नाही याची खात्री करावी.
२. आरंभ, मध्य व शेवट या तीन ठिकाणी अंतर मोजून बिघाडाचा प्रकार ठरवावा.
३. अंतर सारखे असल्यास ध्वनी सरकवावा. वाढते असल्यास मूळ फाइलीपासून स्थिर वेगाने पुन्हा रूपांतर करावे. एकाएकी पडले असल्यास तेथे भाग करून दुरुस्त करावे.
४. अचूक जुळणी न साधल्यास ध्वनी किंचित मागे ठेवावा, पुढे ठेवू नये.
५. चित्रण करताना दोन्ही टोकांस टाळी वाजवावी व मूळ फाइल जपून ठेवावी.

दुरुस्ती होईपर्यंत मेळ नसलेला पाठ वर्गात लावू नये. चित्र अवश्य दाखवावे, पण आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः बोलावे. मूकपटाच्या काळी पडद्याजवळ वादक बसत व काही ठिकाणी निवेदक प्रसंग समजावून सांगत असे. मुलांच्या समोर उभ्या असलेल्या शिक्षकाचा आवाज व ओठ यांचा मेळ तर कधीच मोडत नाही.